तुम्ही लिहून दिलेल्या पत्रावर मी सही केलेली नाही

माननीय प्रवेश-सल्लागार महोदय,



डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुमच्या कार्यालयातून मला एक ई-मेल आली. सोबत वर्ड फाइल, आणि दोन ओळींची सूचना: ‘शिफारसपत्र तयार आहे. दिलेल्या लिंकवर जसंच्या तसं टाकावं, कृपया बदल करू नयेत.’ पत्र माझ्या नावानं होतं, माझ्या सहकारी मुलीबद्दल होतं आणि त्यातलं एक वाक्यही माझं नव्हतं. अमेरिकेतल्या बहुतेक बिझनेस स्कूलांच्या दुसऱ्या फेरीची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला संपते. त्या घाईगर्दीत बाई मुकाट्यानं मान डोलावतील, असा तुमचा हिशोब असणार. तो साफ चुकला. तुमची फाइल मी तशीच परत पाठवली, माझं पत्र मी स्वतः लिहिलं, आणि ते रवाना झाल्यावर आता तुम्हाला लिहायला बसले आहे.

हे पत्र उघड लिहिते आहे, कारण तुमचा धंदा एकट्या तुमचा नाही. शिक्षणाचं काम करणाऱ्या संस्थांमधून एमबीएकडे निघालेली मुलं तुमच्यासारख्यांच्या दारात येतात, आणि तिथून बाहेर पडेपर्यंत त्यांनी केलेलं काम त्यांनाच ओळखू येईनासं होतं. जिच्याबद्दल लिहिते आहे तिला हा मजकूर दाखवला आहे. तिचं नाव मी देत नाही, तुमचंही देत नाही. तुम्ही स्वतःला बरोबर ओळखाल.

माझी ओळख एवढीच: पालघर जिल्ह्यातल्या एका तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांबरोबर काम करणाऱ्या संस्थेत मी कार्यक्रमप्रमुख आहे. तिसरी ते पाचवीच्या मुलांना नीट वाचता यावं, हे आमचं काम. पुण्यातून इंजिनिअरिंग, मग शाळेत शिकवण्याची दोन वर्षांची फेलोशिप, असं करत माझी ही सहकारी आमच्याकडे आली आणि तालुक्याची जबाबदारी सांभाळू लागली. तिला आता व्यवस्थापन शिकायचं आहे. तिनं जावं, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच तुमचा राग येतो.

आता तुमच्या पत्राकडे वळू.

त्याची सुरुवात एका मुलीपासून होते. तिचं खरं नाव. तिच्या पाड्याचं खरं नाव. मग बाप दारूडा, आई वीटभट्टीवर, मुलगी अनवाणी आठ किलोमीटर चालत शाळेत येणारी, आणि माझी सहकारी वर्गात आली त्या दिवशी ती आयुष्यात पहिल्यांदा हसलेली. महोदय, शाळा त्या पाड्यातच आहे. मुलीच्या घराच्या ओट्यावरून शाळेची घंटा दिसते. हे आठ किलोमीटर तुम्ही कुठून काढलेत?

कुठून काढलेत ते मी माझ्या सहकारिणीला विचारलं. तुम्ही फोनवर म्हणालात, ‘एखाद्या मुलाची काळजाला हात घालणारी गोष्ट सांग, कमिटीला तेच लागतं.’ ती म्हणाली, तशी गोष्ट माझ्याकडे नाही. तेव्हा तिनं पाठवलेल्या कामाच्या नोंदींतून तुम्ही एक नाव उचललंत आणि बाकीचं पदरचं घातलंत. ती मुलगी तिसरीत आहे, घरी वारली बोलते, गणितात वर्गात सगळ्यांच्या पुढे असते. तिचा बाप मजुरी करतो आणि शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य आहे. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात. बहुतेक ठिकाणी ते कागदावरच असतात. हा माणूस मात्र रोज बुडवून बैठकीला येतो आणि पोषण आहाराचा तांदूळ किती आला, किती शिजला, ते वहीत बघून विचारतो. अशा माणसाला तुम्ही सातासमुद्रापार दारूडा ठरवून मोकळे झालात. त्याला पत्ता नाही, त्याच्या मुलीला पत्ता नाही. मुलांचा साधा फोटो काढायचा तरी आम्ही पालकांची लेखी परवानगी घेतो. तुम्ही एका कुटुंबाची अब्रू परवानगीवाचून घेतलीत, आणि तीही दुसऱ्याच्या अर्जाला उठाव यावा म्हणून.

पुढच्या परिच्छेदात आकडा येतो: ‘तिनं १०,००० मुलांचं आयुष्य बदललं.’ हा आकडाही मी शोधला. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदांमध्ये तिनं शिक्षकांसमोर तासाभराची मांडणी केली होती. त्या शिक्षकांच्या सगळ्या शाळांचा पट तुम्ही एकत्र केलात, वर थोडी भर घातलीत आणि गोल आकडा केलात. तासभर एखाद्या गुरुजींनी तिचं ऐकलं, की त्यांच्या शाळेतल्या पहिलीपासूनच्या पोरांचं आयुष्य बदललं! हा हिशोब तुम्ही अशा शाळांना पाठवायला निघाला होता, जिथं पहिल्याच सत्रात संख्याशास्त्र शिकवतात.

आमच्याकडे आकडा कसा निघतो ते सांगते, कारण तिची खरी पात्रता तिथंच आहे. जुलैत प्रत्येक मुलाला एकेकटं समोर बसवून एक कागद वाचायला देतात. त्यावर अक्षरं असतात, शब्द असतात, सोपा परिच्छेद असतो, गोष्ट असते. मूल जिथं अडतं ती त्याची पातळी. मार्चमध्ये पुन्हा तेच. मधे दिवाळी येते आणि दिवाळी झाली की आमच्या भागातली घरंच्या घरं भिवंडी, वसई, वाड्याकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. पोरं बरोबर जातात. समजा, जुलैत चाळीस मुलं तपासली. मार्चमध्ये त्यातली पंचवीसच गावात आहेत आणि वीस जण गोष्ट वाचतात. मग यश किती? वीस भागिले पंचवीस म्हणजे ८० टक्के, की वीस भागिले चाळीस म्हणजे ५० टक्के? भट्टीवर गेलेली पंधरा मुलं बहुतेक तीच असतात ज्यांना आमची सगळ्यात जास्त गरज असते. त्यांना हिशोबातून गाळलं, की अहवाल झकास दिसतो.

तिनं देणगीदार कंपनीला द्यायच्या अहवालात दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले आणि खाली कारण लिहिलं. कंपनीच्या अधिकाऱ्यांना ते रुचलं नाही. आमचा हप्ता काही काळ अडकला. ती मुंबईला जाऊन त्यांच्यासमोर बसली, स्थलांतराच्या नोंदी दाखवल्या आणि सांगितलं, ‘मोठा आकडा हवा असेल तर आधी या मुलांचं काय करायचं ते ठरवू.’ त्यातून पुढच्या वर्षी एक नवं काम उभं राहिलं: गाव सोडण्याआधी प्रत्येक मुलाच्या हातात दुसरीकडच्या शाळेत बसता यावं म्हणून असलेलं शिक्षण हमी कार्ड आहे ना ते बघायचं, कोणतं कुटुंब कुठल्या भट्टीवर चाललंय ते लिहून घ्यायचं, आणि त्या भट्टीजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करायचा. सगळी मुलं सापडली नाहीत. काही सापडली, तिकडच्या शाळेत बसली आणि परत आल्यावर आपल्या वर्गात चालू शकली. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या फक्त ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. असं वास्तव असताना जी मुलगी पैसे अडकवून घेते पण आकडा फुगवत नाही, तिच्यातला हाच गुण तुम्ही पुसलात. वर तिच्या नावावर १०,००० ची थाप मारलीत.

मग तुम्ही काय काय गाळलंत, त्याची यादी बघू. तुमच्या पत्रात ‘पॅशन’ आहे, ‘ट्रान्सफॉर्मेशन’ आहे, ‘होप’ आहे. ‘खर्च’ नाही, ‘वेळापत्रक’ नाही, ‘माणसं’ नाहीत. तिनं पाठवलेल्या मूळ मसुद्यात हे सगळं होतं. समासात तुमचा शेरा होता: ‘फार तांत्रिक. काढा.’ काढलेल्या त्या मजकुरातल्या दोन गोष्टी मी इथं लिहिते.

पहिली गोष्ट एका शाळेची. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे एका गुरुजींकडे दोन-तीन इयत्ता, त्यात कधी निवडणुकीचं काम, कधी ऑनलाइन माहिती भरायची घाई. अशा शाळेत आम्ही सांगतो की दिवसातला एक तास मुलांना इयत्तेनुसार बसवू नका, वाचनाच्या पातळीनुसार बसवा. एका ज्येष्ठ गुरुजींचा याला ठाम विरोध होता. ‘पाचवीचं पोर तिसरीच्या पोरांत बसवलं तर पालक मला जाब विचारतील. आणि माझ्या पाचवीला वाचता येतं.’ तिनं वाद घातला नाही. वाचनाचा कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, ‘गुरुजी, तुम्हीच घ्या, मी बाजूला बसते.’ गुरुजींनी आपला सगळ्यात चुणचुणीत विद्यार्थी आधी बोलावला. त्यानं पाठ्यपुस्तकातला धडा खडाखडा म्हणून दाखवला. मग गुरुजींनी धड्यात असलेलेच शब्द ज्या कागदावर होते तो पुढे केला आणि पोरगा पहिल्या जोडाक्षराला थांबला. धडा पाठ होता; वाचन आलंच नव्हतं. गुरुजींनी आणखी चार-पाच मुलं तपासली, कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, ‘गट किती करायचे?’ केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत बाकीच्या शिक्षकांना ही पद्धत त्यांनीच समजावून सांगितली.

हाताखाली नसलेल्या, वयानं आणि अनुभवानं मोठ्या माणसाचं मत बदलायचं आणि श्रेय त्यालाच मिळू द्यायचं, याला बिझनेस स्कूलमध्ये नेतृत्व म्हणतात. त्यावर तिथं अख्खा विषय असतो. शिवाय पातळीनुसार बसवण्याची ही पद्धत काही आमच्या मनचा खेळ नाही. १९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’नं ती घडवली. तिच्या सुरुवातीच्या रूपाची, म्हणजे बालसखी कार्यक्रमाची, मुंबई आणि बडोद्याच्या शाळांमध्ये काटेकोर तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. ते लिहिणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. मायकेल क्रेमर यांच्यासह त्या दोघांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते गरिबी हटवण्याच्या उपायांच्या अशाच प्रयोगांबद्दल. ज्या कामाची दखल अर्थशास्त्रानं घेतली, ते बिझनेस स्कूलच्या कमिटीला झेपणार नाही असं तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत.

दुसरी गोष्ट पैशांची. २०२० साली परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, आणि एका संस्थेनं मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला द्यायची वाटच बंद झाली. आमच्यासारख्या छोट्या संस्थांचा पैसा मोठ्या संस्थांमार्फत यायचा. तो आटला. अशा वेळी बैठका खूप होतात आणि निर्णय कोणी घेत नाही. तिनं तालुक्याचा सगळा खर्च एका तक्त्यात मांडला: छपाई, प्रशिक्षण, मानधन, प्रवास. दर मुलामागे किती पडतात ते काढलं. सगळ्यात जास्त पैसा प्रवासात जात होता, कारण शाळोशाळी फिरणाऱ्या आमच्या समन्वयकांना शाळा वाटताना ओळखीपाळखी बघितल्या होत्या, रस्ते नव्हे. तिनं एसटीच्या मार्गांप्रमाणे शाळांची नव्यानं वाटणी केली. एका फेरीत होतील तेवढ्या शाळा एकाकडे दिल्या. खर्च खाली आला, तरी दोन समन्वयकांचं मानधन निघेना. ते तिनं त्या दोघांना समोर बसवून सांगितलं, हिशोबाचा तक्ता त्यांच्यापुढे ठेवला आणि दोघांसाठी शेजारच्या संस्थांत शब्द टाकला. त्यातल्या एकीला काम मिळालं. हे व्यवस्थापन नसेल तर व्यवस्थापन कशाला म्हणायचं, ते तुम्ही मला समजावून सांगा.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात लबाड उत्तर मात्र पुढे आहे. जीमॅट परीक्षा घेणाऱ्या जीमॅक या संस्थेचा शिफारशीचा एक सामाईक नमुना बऱ्याच बिझनेस शाळा वापरतात. त्यात एक प्रश्न असा आहे: या उमेदवाराला तुम्ही दिलेली सुधारणेची सगळ्यात महत्त्वाची सूचना कोणती, ती कोणत्या प्रसंगी दिली आणि त्यावर उमेदवारानं काय केलं? शिफारस करणारा माणूस उमेदवाराला खरोखर ओळखतो का, ते या एका प्रश्नात कळतं. माझ्या नावावर तुम्ही दिलेलं उत्तर: ‘ती स्वतःकडून फार अपेक्षा करते. मी तिला थोडी विश्रांती घ्यायला सांगितलं.’ हा दोष नव्हे, दोषाचं सोंग घेतलेली स्तुती आहे. असं उत्तर वाचून समोरच्याला माझ्याबद्दल काय वाटलं असतं, याचा तुम्ही विचार केला नसेलच.

माझं खरं उत्तर मी दिलं आणि तिला विचारून इथंही देते. एखाद्या समन्वयकाचा तास फसताना दिसला की ती खडू हातात घेऊन स्वतः शिकवायला लागायची. तास छान व्हायचा. समन्वयक मागे उभा राहायचा. हळूहळू काहींनी तयारी करून यायचंच सोडलं; ताई आहेत ना! मी तिला स्पष्ट सांगितलं, की तू चांगली शिक्षिका आहेस म्हणून तुझ्या हाताखाली चांगले शिक्षक तयार होत नाहीत. तिला ते झोंबलं. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मग ती वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसायला लागली, हातात फक्त वही. शनिवारच्या बैठकीत आपापल्या शाळांची माहिती समन्वयकच मांडू लागले आणि प्रश्नही एकमेकांना विचारू लागले. आज नव्या समन्वयकांचं प्रशिक्षण त्यांच्यातलीच एक जण घेते. एखादी कमिटी हे उत्तर वाचून तिला नाकारणार असेल, तर खुशाल नाकारो. पण तुमचं उत्तर वाचून तिला घेण्यासारखं काय होतं?

आणि आता तिच्या भविष्याबद्दल, जे तुम्ही परस्पर ठरवलंत. तुमच्या मसुद्यात ती एमबीए करून खेड्यात परतते आणि सामाजिक उद्योग उभारते. तिनं तुम्हाला काय सांगितलं होतं? मला सांगितलं तेच: ‘चार-पाच वर्षं मोठ्या कंपनीत पुरवठ्याचं आणि नियोजनाचं काम शिकायचंय. घराचं कर्ज फेडायचंय. भावाचं शिक्षण व्हायचंय. नंतर या क्षेत्रात यावंसं वाटतं, पण आज शब्द देत नाही.’ यात लाजण्यासारखं काय आहे? कंपनी कायद्याच्या २०१३ च्या तरतुदीनं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. अशाच एका कंपनीच्या अधिकाऱ्यांनी तिला विचारलं होतं, ‘हेच काम तीसऐवजी तीनशे शाळांत करायचं तर माणसं, पैसा, देखरेख कशी उभी कराल?’ तिला त्याचं उत्तर नीट देता आलं नाही, आणि मलाही आलं नसतं. ते शिकावं म्हणून ती निघाली आहे. एवढं स्वच्छ कारण हातात असताना तुम्ही तिच्या तोंडी संन्यासिनीचा डायलॉग घातलात.

शिक्षणाच्या संस्थेत काम केलं म्हणजे माणसानं जन्मभर अर्ध्या पगारात त्यागाची आरती ओवाळावी, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. इंजिनिअर पोरानं दोन वर्षं बँकेत काढून एमबीए केलं तर ती प्रगती. आमच्या पोरीनं केलं की विचारतात, ‘मग समाजसेवा सोडली का?’ या समजुतीला तुम्ही फी घेऊन खतपाणी घालता. अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या एमबीएचा खर्च राहण्या-जेवणासकट दीड कोटी रुपयांच्या पुढे जाऊ शकतो. आमच्या मानधनावर जगलेल्या मुलीनं तेवढं कर्ज डोक्यावर घेऊन चांगल्या पगाराची इच्छा धरू नये, असं तिला सांगण्याचा अधिकार तुम्हाला नाही. मलाही नाही.

तुम्ही जे सांगायला हवं होतं ते मात्र सांगितलंच नाहीत. काही शाळा सेवाभावी क्षेत्रातल्या अर्जदारांना अर्जाचं शुल्क माफ करतात. हार्वर्ड आणि स्टॅनफर्डसारख्या शाळांमध्ये शिष्यवृत्ती उमेदवाराच्या आर्थिक गरजेवर ठरते, म्हणजे कमी मानधनाची वर्षं तिथं उपयोगी पडतात. येल, हार्वर्ड, स्टॅनफर्ड या शाळा पदवीनंतर सेवाभावी संस्थेत जाणाऱ्यांना कर्जफेडीत मदत करतात. हे सगळं त्या शाळा स्वतः जाहीर करतात. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तुम्ही तिच्याकडून पैसे घेतलेत ते नेमके कशाचे?

तुमच्या मनात एक भीती आहे, ती तुमच्या मसुद्याच्या ओळीओळीत दिसते: या मुलीचं काम म्हणजे रिकामी जागा आहे आणि ती अश्रूंनी भरली पाहिजे. बिझनेस स्कूलांचा इतिहास तुम्हाला माहीत असता तर ही भीती वाटली नसती. येलची व्यवस्थापन शाळा १९७६ साली सुरू झाली तेव्हा तिची पदवीच सार्वजनिक आणि खासगी व्यवस्थापनाची होती आणि १९९९ पर्यंत तीच होती. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयावर हार्वर्डमध्ये १९९३ साली केस लिहिली गेली आणि जगभरच्या वर्गांतून ती शिकवली गेली. ते रुग्णालय धर्मादाय आहे. कमिटीपुढे बँका आणि सल्लागार कंपन्यांमधली ढीगभर माणसं येतात. पाड्यावरच्या शाळेत पैसा नसताना, हाती अधिकार नसताना माणसं कशी हलवायची, हे सांगणारी किती येत असतील? जी गोष्ट तिला वेगळं ठरवते, तीच तुम्ही आधी खोडलीत.

बिझनेस शाळाही काही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. मोजक्या शब्दांत आयुष्याचा अर्थ सांगा म्हणणारे त्यांचे प्रश्न भावनेला भाव देतात, हे खरं आहे. शिफारस करणारे कित्येक साहेब ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणतात, हेही खरं. पण शाळा स्पष्टपणे सांगतात की शिफारस करणाऱ्यानं पत्र स्वतः लिहावं. अर्जातल्या माहितीची पडताळणी करणाऱ्याही आहेत, आणि खोटं सापडलं की मिळालेला प्रवेश जातो. तसं झालं असतं तर तिचं करिअर बसलं असतं, माझा शब्द गेला असता. तुम्ही पुढच्या उमेदवाराची फी मोजत असता.

मराठी माध्यमातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच परदेशी अर्ज भरणाऱ्या मुलांना मदत लागते, हे मला मान्य आहे. इंग्रजी सुधारा. कोणत्या शाळेत काय शिकवतात ते सांगा. मुलाखतीचा सराव घ्या. ‘मग तू काय केलंस? का केलंस? काय फसलं?’ असं खोदून खोदून विचारा आणि उत्तर त्यांना स्वतःला लिहू द्या. असं काम करणाऱ्या सल्लागाराच्या दारात मी माझी माणसं स्वतः पाठवीन.

तिला प्रवेश मिळाला तर तिच्या कामावर मिळेल. नाही मिळाला, तर त्याच कामाच्या बळावर ती पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करेल आणि मी पुन्हा पत्र लिहीन. खोट्या अर्जाला ही सोय नसते.

आता माझ्या मागण्या. शिफारस करणाऱ्यांना तयार पत्रं पाठवणं आजपासून बंद करा. तुमच्याकडे आलेल्या प्रत्येक सेवाभावी क्षेत्रातल्या उमेदवाराला शुल्कमाफीची आणि कर्जमदतीची माहिती पहिल्याच भेटीत द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं: त्या तिसरीतल्या मुलीचा परिच्छेद तुम्ही ‘यशस्वी निबंधाचा नमुना’ म्हणून दुसऱ्या एका उमेदवाराला वाचायला दिलात. तो उमेदवार आमच्याच ओळखीतला निघाला, म्हणून हे मला कळलं. तो मजकूर तुमच्या सगळ्या फायलींतून काढून टाका, ज्यांना ज्यांना दिलात त्यांच्याकडूनही काढून घ्या, आणि काढल्याचं मला लेखी कळवा. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत मी तिच्या वडिलांना हा सगळा प्रकार सांगणार आहे. त्यांच्या हातात द्यायला तुमचं उत्तर मला त्याआधी हवं.

कळावे,

तुमच्या एका उमेदवाराची शिफारसकर्ती